मिसळणं थांबलं तेव्हा

सप्टेंबर २०१९ मध्ये भारताच्या प्राचीन इतिहासाविषयीचे दोन शोधनिबंध एकाच दिवशी प्रसिद्ध झाले. ‘सेल’ या नियतकालिकातला निबंध हरियाणातल्या राखीगढीच्या एका स्त्रीविषयी होता. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी, हडप्पा संस्कृती भरात असताना, तिला तिथे पुरलं होतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या उत्खननातल्या हाडांचे साठेक नमुने तपासले गेले. आपल्या उष्ण हवेत डीएनए टिकत नाही; वाचता येईल असा या एकटीचाच हाती लागला. ‘सायन्स’मधला दुसरा निबंध मध्य आणि दक्षिण आशियातल्या ५२३ प्राचीन माणसांच्या डीएनएवर उभा होता. दोन्ही निबंधांच्या लेखकांत शिंदे होते आणि हार्वर्डचे डेव्हिड राइशही होते. तरी बातम्या आल्या त्या मात्र एकमेकींच्या उलट. आर्य बाहेरून आलेच नव्हते हे सिद्ध झालं असं काहींनी छापलं, तर ते बाहेरूनच आले हे आता पक्कं झालं असं इतरांनी. वाद इतका जुना आणि इतका जिव्हारी लागणारा आहे की मजकूर वाचण्याआधीच लोकांनी आपापली बाजू घेऊन टाकली होती.

निबंधांतला मजकूर खरं तर सरळ आहे. राखीगढीच्या स्त्रीत स्टेपच्या, म्हणजे काळ्या समुद्राच्या उत्तरेपासून मध्य आशियापर्यंत पसरलेल्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नाही. तिच्या वंशाचा मोठा भाग प्राचीन इराणी लोकांशी दूरचं नातं सांगतो. पण ही शाखा बारा हजार वर्षांपूर्वी, शेती सुरू होण्याच्याही आधी वेगळी झालेली होती. उरलेला भाग या उपखंडातल्या जुन्या शिकारी लोकांचा. म्हणजे हडप्पाची शेती इराणी शेतकऱ्यांच्या लोंढ्यानं इथे आणली, ही समजूत आता धरून ठेवता येत नाही. दुसरा निबंध सांगतो की स्टेपचा अंश इसवी सनपूर्व २००० ते १५०० च्या दरम्यान इकडे आला आणि आज तो भारतातल्या बहुतेक समूहांत कमी-अधिक प्रमाणात आहे. यात विसंगती कुठे आहे? जे इसवी सनपूर्व २००० नंतर आलं, ते त्याच्या काही शतकं आधी वारलेल्या बाईत सापडणारच नाही. ‘सेल’मधला निबंधही पुढे म्हणतो की इंडो-युरोपीय भाषा भारतात पोहोचण्याचा स्वाभाविक मार्ग हाच दिसतो. एका सांगाड्यावरून एवढं कसं ठरवायचं, ही शंका रास्त आहे. पण तुर्कमेनिस्तानातल्या गोनूर आणि पूर्व इराणातल्या शहर-ए-सोख्ता इथे स्थानिकांहून वेगळ्या वंशाची अकरा माणसं आधीच सापडली होती. ती सिंधू खोऱ्यातून तिकडे गेलेली असावीत असा कयास होता, आणि राखीगढीची स्त्री नेमकी त्यांच्या जातकुळीतली निघाली. पुरावा अजून थोडाच आहे, पण तो एकाच दिशेला बोट दाखवतो.

तेव्हा कोण कुठून आलं, या प्रश्नाचं ढोबळ उत्तर आता मिळू लागलं आहे. अडचण अशी की वाद घालणाऱ्या कुणालाच ते पुरत नाही, कारण त्यांना हवं असतं ते वेगळंच: हा देश मुळात कुणाचा, उपरे कोण, या भूमीवर कुणाचा हक्क जास्त. हाडं याचं उत्तर देत नाहीत. ती देतात एक वेगळीच माहिती, आणि माझ्या मते गेल्या काही वर्षांत प्राचीन भारताविषयी कळलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. इथली माणसं फार मोठ्या प्रमाणावर आणि फार दीर्घकाळ एकमेकांत मिसळत होती, आणि मग एका टप्प्यावर मिसळायची थांबली. आपण सव्वाशे-दीडशे वर्षं येण्यावर भांडत राहिलो. थांबण्याबद्दल विचारणारे फार थोडे होते.

या भांडणाचा मराठी इतिहास मोठा उद्बोधक आहे. १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्सनं संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच उगमातून आल्या असाव्यात असं मांडलं. ते विधान भाषांबद्दल होतं. एकोणिसाव्या शतकात त्याला वंशाचा रंग चढला, आणि या घोळात स्वतःही भर घातलेल्या मॅक्स म्युलरला १८८८ मध्ये बजावून सांगावं लागलं की ‘आर्य’ म्हणताना आपल्याला भाषा अभिप्रेत आहे, रक्त किंवा कवटीचा आकार नाही. तोवर उशीर झाला होता. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिझली लोकांच्या नाकांची मापं घेऊन जातींची वांशिक उतरंड लावत होता. हे ज्ञान महाराष्ट्रात पोहोचलं तेव्हा ज्यानं त्यानं ते आपल्या लढ्यासाठी वापरलं. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त ब्राह्मणांना इराणकडून आलेले आक्रमक ठरवलं आणि त्यांच्या आधीचं बळीराजाचं राज्य उभं केलं, खंडोबा, म्हसोबा हे त्या राज्यातले अधिकारी झाले. शेतकऱ्याच्या घरातल्या देवांना राजकीय इतिहास देणारी ही मांडणी विलक्षण ताकदीची होती.

टिळकांचं उदाहरण तर आजच्या वादात आवर्जून आठवावं असं आहे. १९०३ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ नेलं. ऋग्वेदातल्या दीर्घ उषांची वर्णनं आणि देवांचा सहा महिन्यांचा दिवस यांचा अर्थ त्यांनी ध्रुवप्रदेशातल्या अनुभवाशी जोडला, आणि हिमयुगामुळे तिथून लोक बाहेर पडले असं गणित मांडलं. हा निष्कर्ष आज कुणी अभ्यासक मानत नाही. काव्यातल्या पहाटेवरून अक्षांश काढता येत नाही. पण त्या काळातल्या सगळ्यात प्रखर राष्ट्रीय नेत्याला वेदकर्त्यांचे पूर्वज भारताबाहेरचे होते असं म्हणताना जराही उणेपणा वाटला नाही. सावरकरांच्या १९२३ च्या ‘हिंदुत्व’ या पुस्तकातही आर्य सिंधूकाठी येऊन वसले हे गृहीतच धरलेलं आहे. पुढच्याच वर्षी जॉन मार्शलनं हडप्पा आणि मोहेंजोदडोचा शोध जाहीर केला आणि चित्र बदललं. वेदांहून जुनी, नगररचनेत प्रगल्भ अशी संस्कृती समोर आल्यावर ती कुणाची हा प्रश्न मानाचा झाला. बाहेरून येण्याला देशद्रोही सिद्धान्त म्हणण्याची रीत त्यानंतरची आहे. ती राष्ट्रवादाचा उपजत भाग होती असं नाही.

मोहेंजोदडोच्या हाडांवर तर एक अख्खं युद्ध रचलं गेलं. १९४६ च्या हडप्पा उत्खननानंतर मॉर्टिमर व्हीलर यांनी तिथल्या तटबंदीकडे, मोहेंजोदडोच्या गल्ल्यांत सापडलेल्या सांगाड्यांकडे आणि ऋग्वेदातल्या पुरंदर, म्हणजे पुरं फोडणाऱ्या, इंद्राकडे एकत्र पाहिलं आणि आर्यांनी शहरांचा विध्वंस केला असा निष्कर्ष काढला. १९६४ मध्ये जॉर्ज डेल्स यांनी तेच सांगाडे पुन्हा तपासले. ते वेगवेगळ्या थरांतले होते. जळलेलं शहर नव्हतं, फुटलेली शस्त्रं नव्हती. शहरं मोडली ती पाऊस घटणं, नद्यांचं बदलणं, व्यापाराची वीण उसवणं अशा अनेक कारणांनी आणि हळूहळू. पाठ्यपुस्तकांतलं ते आक्रमण तिथेच संपायला हवं होतं. पण उलट बाजूनंही हाच प्रकार झाला. २००० साली सिंधू लिपी वाचल्याचा दावा करणाऱ्या एका पुस्तकात, हडप्पा संस्कृती वैदिकच ठरावी म्हणून, घोड्याची मुद्रा म्हणून जे चित्र छापलं, ते तुटलेल्या एकशिंगी प्राण्याच्या मुद्रेचं असल्याचं अभ्यासकांनी दाखवून दिलं. सिंधू लिपी आजही वाचता आलेली नाही. म्हणूनच ती संस्कृती संस्कृतभाषकांची होती किंवा द्रविडभाषकांची होती हे ठामपणे सांगणारे दोघेही पुराव्याच्या पुढे धावतात, मग दावा दिल्लीतून येवो की चेन्नईतून.

दावे पारखायचे ते कसे, हे आपल्याच मातीतल्या उदाहरणावरून कळतं. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथली पांढरीची टेकाडं डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी १९६८ पासून पुढे कितीतरी हंगाम खणली. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं एक खेडं त्यातून वर आलं: कुडाच्या घरांच्या रांगा, जव पिकवण्यासाठी खणलेला पाट, लाल मातीवर काळी नक्षी काढलेली जोर्वे पद्धतीची भांडी. मूल दगावलं की दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, त्यात त्याला ठेवायचं आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचं, अशी त्यांची रीत होती. मोठ्या माणसांना पुरताना पावलं घोट्यापासून तोडलेली आढळतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये ब्राँझचा बैलांचा रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा सापडले. तिथे उत्तर-हडप्पा काळातल्या लिपिचिन्हांच्या मुद्राही मिळाल्या. या लोकांविषयी आपल्याला पुष्कळ कळतं. ते काय खात होते, कशानं मरत होते, गावचा प्रमुख कोणत्या घरात राहत असावा, इथवर. ते कोणती भाषा बोलत होते हे मात्र कळत नाही, कारण मडकं बोलत नाही. त्यांच्यानंतर कधीतरी इथे प्राकृत रुजली, तिच्यातून मराठी आली. मराठी संस्कृतच्या कुळातली, पण तिच्या व्याकरणावर द्रविड भाषांच्या सहवासाच्या खुणा आहेत. ही भाषा आणणारे किती होते आणि ती उचलणारे किती, हे ना व्याकरण सांगतं ना भांडी. गुस्ताफ कोसिना या जर्मन अभ्यासकानं भांड्यांच्या शैलीवरून वंशाच्या सीमा आखण्याची पद्धत रूढ केली, आणि त्या नकाशांचा नाझींनी काय वापर केला हे जगानं पाहिलं आहे. भाषा, रक्त आणि वस्तू यांचे प्रवास वेगवेगळे असतात. कधी ते एकत्र होतात, पण ते दर वेळी सिद्ध करावं लागतं.

हे सगळं पाश्चात्त्यांनी आपल्याला कमी लेखण्यासाठी रचलं, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. त्यात तथ्याचा अंश आहे, आणि तो रिझलीच्या नाकमोजणीत उघड दिसतो. पण सिद्धान्ताचा जन्म कुठे झाला यावरून तो खरा की खोटा हे ठरत नाही. नंतर सापडलेल्या पुराव्यापुढे तो टिकतो का, हे पाहावं लागतं. तुर्कस्तानात बोगाझक्यॉय इथे सापडलेल्या इसवी सनपूर्व चौदाव्या शतकातल्या मितान्नी राज्याच्या तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांच्या शपथा आहेत. तो मजकूर मातीच्या पाट्यांवर आहे आणि कोणत्याही इंग्रज अधिकाऱ्यानं लिहिलेला नाही. आताच्या डीएनए अभ्यासांत तर पुणे, हैदराबाद, लखनौ इथल्या भारतीय संशोधकांची नावं आहेत. त्यांचे निष्कर्ष सोयीचे असले की आपले आणि गैरसोयीचे असले की परकीय, असं करून चालणार नाही.

आता त्या थांबण्याकडे येऊ. २०१३ मध्ये प्रिया मुरजानी, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे के. थंगराज, राइश आणि सहकाऱ्यांनी उपखंडातल्या ७३ समूहांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन वेगळ्या पूर्वजगटांचा संकर सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात जवळपास सर्वत्र झाला होता, आणि अलिप्त मानल्या गेलेल्या आदिवासी समूहांतही त्याच्या खुणा होत्या. त्यानंतर मात्र गट आपापल्यातच सोयरिकी करू लागले. २०१६ मध्ये अनलाभ बसू आणि पार्थ मजुमदार यांच्या गटानं वेगळ्या पद्धतीनं हिशेब करून उच्चवर्णीय समूहांत हे थांबणं सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी, म्हणजे गुप्तकाळाच्या आसपास नेलं. दोन्ही अंदाजांत शतकांचं अंतर आहे आणि सगळ्या प्रदेशांत बदल एकाच वेळी झाला असेल असंही नाही. मुख्य मुद्दा दोन्हींत एकच: बेटीव्यवहाराच्या भिंती अनादि नाहीत. त्या इतिहासात बांधल्या गेल्या.

या बांधकामाची एक नोंद आपल्या नाशिकच्या पांडवलेणीत कोरलेली आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गौतमी बलश्रीनं आपल्या दिवंगत मुलाची, सातवाहन सम्राट गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी तिथल्या लेखात सांगितली. शक, यवन, पह्लव यांचा नाश करणारा, या बिरुदाबरोबरच चार वर्णांचा संकर थांबवणारा, हेही एक बिरुद तिथे आहे. काळ पाहा: एकोणीसशे वर्षांपूर्वीचा, मुरजानींच्या गणिताच्या अगदी कडेचा. हा केवळ योगायोग असू शकतो, कारण एका राजाच्या प्रशस्तीनं उपखंडातली लग्नं बदलत नाहीत. पण संकर थांबवणं ही फुशारकी मारण्यासारखी गोष्ट तेव्हाच होते जेव्हा संकर डोळ्यांदेखत चालू असतो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातली मिश्र जातींची लांबलचक यादीही हेच सांगते: जे घडत नाही त्याच्याविरुद्ध नियम कुणी करत नाही. आणि मुंबईजवळच्या कान्हेरीच्या लेण्यात दुसरा एक लेख आहे. त्यात सातवाहन घराण्यातल्याच वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुळातली, महाक्षत्रपाची मुलगी असल्याचं म्हटलं आहे. म्हणजे शकांची लेक. ज्या कुळानं संकर थांबवल्याचा डंका पिटला त्याच कुळानं पुढच्या काही दशकांत शकांशी सोयरीक केली. बंधन कुणावर पडत होतं आणि कुणाला त्यातून सूट होती, हे या दोन लेण्यांमधल्या अंतरात दिसतं.

या भिंती कशा उभ्या राहिल्या, हाच प्रश्न बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये, पंचविशीत, कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात विचारला होता. जातीचं मर्म त्यांनी वंशात शोधलं नाही. भारतातले लोक अनेक वंशांच्या मिश्रणातून झाले आहेत हे गृहीत धरून त्यांनी सांगितलं की जातीबाहेर लग्न न करणं हाच जातीचा गाभा आहे, आणि सतीपासून बालविवाहापर्यंतच्या प्रथा या बंदिस्तपणातून निर्माण होणारा स्त्री-पुरुष संख्येचा पेच सोडवण्यासाठी आल्या. १९४६ मध्ये शूद्रांच्या उगमावरचा ग्रंथ त्यांनी जोतीरावांनाच अर्पण केला, आणि त्यात आर्य वंश आणि आर्यांचं आक्रमण या दोन्ही कल्पना नाकारल्या. १९४८ च्या अस्पृश्यतेवरच्या पुस्तकात समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांनी वापरलेली नाकांचीच मापं घेऊन त्यांनी दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशानं वेगळे ठरत नाहीत. बाहेरून कुणी आलंच नाही, इतपत त्यांचं म्हणणं आजच्या डीएनएपुढे टिकणार नाही. पण त्यांनी बोट ठेवलं ती जागा अचूक होती.

इथे फुल्यांच्या बाजूनं गंभीर आक्षेप येतो. मिश्रणाची ही गोड कहाणी सांगून जुलमाचा इतिहास पुसायचा आहे का? आक्षेपाला धार आहे, कारण मिश्रण गोड नव्हतंच. भारतात स्टेपचा वारसा आईकडून आलेल्या डीएनएपेक्षा बापाकडून आलेल्या डीएनएमध्ये जास्त दिसतो. म्हणजे आलेल्यांत पुरुष अधिक होते, किंवा मुलं होण्याची संधी त्यांना अधिक मिळाली. यामागे सत्तेची विषमता असणार. तरी मला वाटतं, जोतीरावांची फिर्याद इराणवरून आलेल्या टोळीवर अवलंबून नाही. शेतकऱ्याला अक्षर नाकारलं, विधवेचं आयुष्य उद्ध्वस्त केलं, पाण्याला हात लावू दिला नाही, ही कृत्यं करणाऱ्यांचे पूर्वज कुठलेही असोत, फिर्याद पूर्ण आहे. उलट अन्याय परक्यांनी केला असं म्हटलं की एक पळवाट उघडते: वंश देशीच होता असं दाखवलं की अन्यायही नाहीसा झाल्यासारखा वाटतो. भिंत इथल्याच, एकमेकांत मिसळलेल्या, एकमेकांच्या रक्ताच्या माणसांनी बांधली, हे सत्य दोन्ही बाजूंना जड जाणारं आहे.

ही भिंत कशी उभी राहिली हे शोधण्याच्या दिशेनं मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे काम करत होत्या. जनुकांचं शास्त्र हाताशी नसताना, मोजपट्टी आणि रक्तगट यांच्या आधारे त्यांनी महाराष्ट्रातल्या जाती तपासल्या. एकच नाव लावणाऱ्या पोटजाती शरीरमापांत एकमेकींहून बऱ्याच वेगळ्या असू शकतात, असं त्यांना आढळलं. एक जात फुटून पोटजाती झाल्या असं मानण्यापेक्षा वेगवेगळे गट एका नावाखाली शेजारी शेजारी येऊन बसले असं मानणं त्यांना पटत होतं. आज डीएनएच्या साहाय्यानं त्यांचा हा तर्क गटागणिक तपासता येईल. महाराष्ट्रात कोणत्या भिंती सातवाहनकाळातल्या, कोणत्या यादवांच्या, कोणत्या पेशवाईतल्या, याचा शोध शिलालेख, महानुभावांचं वाङ्मय, गोतसभांचे निवाडे आणि जनुकं एकत्र वाचून घेता येईल. आर्य आले की नाही यावर खर्च होणारी शक्ती या कामाकडे वळावी असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न केवळ भूतकाळाचाही नाही. २०१७ मध्ये उपखंडातल्या २६३ समूहांचा अभ्यास झाला तेव्हा त्यांतले ८१ समूह असे निघाले की त्यांच्यातला जनुकीय बंदिस्तपणा युरोपातल्या फिनिश लोकांपेक्षा किंवा अश्केनाझी ज्यूंपेक्षाही तीव्र होता. मूठभर पूर्वज, आणि त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच लग्नं. अशा समूहांत एखादा दुर्मिळ दोष सहज साचून राहतो. आंध्र आणि तेलंगणातला वैश्य समाज हे त्याचं सगळ्यात माहितीतलं उदाहरण. या समाजात एका विकराची जन्मजात उणीव इतरांच्या मानानं कितीतरी पट जास्त आढळते. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल पडावेत म्हणून दिलं जाणारं एक सर्रास वापरातलं औषध त्या उणिवेमुळे शरीरात वेळेवर विरत नाही, आणि काही मिनिटांत परत यायला हवा तो रोग्याचा श्वास तासन्‌तास कृत्रिमरीत्या चालू ठेवावा लागतो. म्हणून तिथले भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला त्याचा समाज विचारतात.